मिरचीतले दोन लाल

नंदुरबारच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर मी एकच ध्यास घेतला होता: इथल्या मिरचीतले दोन लाल रंग वेगळे करायचे. काचेच्या उभ्या नळीत पांढरी भुकटी भरायची, वर मिरचीचा अर्क घालायचा आणि थेंबथेंब द्रावक सोडायचं. पिवळा रंग लगेच खाली उतरायचा. दोन्ही लाल मात्र एकमेकांना सोडत नव्हते. त्यात इथला उन्हाळा. द्रावकाची वाफ व्हायची, नळीत बुडबुडे धरायचे, भुकटीला तडे जायचे.

प्रयोगशाळेत काचसामान धुवायला जवळच्या कोरीट गावच्या एक मावशी होत्या, सातवी शिकलेल्या. एके दुपारी नळीला हात लावून म्हणाल्या, "मॅडम, हिले ताप चढना शे. वल्लं फडकं गुंडायी दखूत."

गुंडाळलं. फडकं सुकलं की त्याच भिजवायच्या. बुडबुडे थांबले. मी द्रावकांचं प्रमाण जरा जरा बदलत गेले आणि चौथ्या दिवशी लाल पट्टा मधोमध फुटला. मध्ये बोटभर पांढरं.

मोठ्या विद्यापीठातले एक तज्ज्ञ कॉलेजच्या तपासणीला आले. माझी वही चाळून हसले.

"हे इथे निघालं? ओल्या फडक्यावर?"

मी खांडबाऱ्याकडच्या डोंगरातली, घरी कोकणी, म्हणजे आम्हा कोकणा आदिवासींची बोली, बोलणारी. मराठी शाळेत शिकले, आणि 'तुझ्यानं होणार नाही' हे त्या भाषेतलं अगदी लवकर ऐकलेलं वाक्य. मी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा सर. तीन तास लागतील."

ते बसले. मावशींनी फडकं भिजवलं. तीन तासांनी दोन पट्टे त्यांच्या डोळ्यांसमोर उतरले. त्यांनी माझी वही पुन्हा चाळली. मग म्हणाले, "या कामाच्या लेखावर माझं नाव घाला. लवकर छापून येईल."

"एक नाव घालायचंच आहे सर. मावशींचं."

"त्या काय शास्त्रज्ञ आहेत?"

"नळीतल्या भुकटीला तडे का जातात ते मला कळलं नव्हतं. त्यांना कळलं."

ते चहा न घेता गेले. पहिल्या नियतकालिकाने मावशींची पदवी विचारली. 'पदवी नाही, पद्धत त्यांची आहे,' एवढंच मी कळवलं. लेख परत आला. दुसरीकडे पाठवला, तसाच, दोन्ही नावांनिशी. तिथे छापला.

पहिलं पान मी विभागाच्या फलकावर लावलं. ते कोणीतरी दोनदा काढून टाकलं. तिसऱ्यांदा मी ते खळीने चिकटवलं, चारही कडांनी.