पिंजऱ्यातली राणी

“टपालपेटी बघायला भिवंडीला? आपल्या कोपऱ्यावरची बघ, तीही लालच आहे,” असं बायकोने सुनावलं, तरी मी निघालोच. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली बिडाची पेटी कोपऱ्यावर मिळत नाही, हे तिला कोण सांगणार!

कल्याणहून शेअर रिक्षा धरली. वाटेत कोन गावाला एक मावशी चढल्या. पुढे कंटेनरांच्या गर्दीत रिक्षा अडकली तशी त्यांनी हातातलं पाकीट दाखवून सगळं सांगून टाकलं. जमीन विकण्यावरून थोरल्या भावाशी, दादूसशी, बिनसलेलं. “घरी गेलं का दार लावून घेतो. टपालानं राखी धाडली का दादूस परत धाडतो. औंदा कसा घेत न्हाय, बगतेच!” पाकीट त्या माझ्याच पेटीत टाकणार होत्या.

पेटी दिसली आणि मला हसूच फुटलं. सहा बाजू, डोक्यावर फुलांची नक्षी, पोटावर राणीची अक्षरं, आणि भोवती नवाकोरा लोखंडी पिंजरा, त्याला हे भलंमोठं कुलूप. वर पाटी : ‘वारसा जपा’. साम्राज्य गेलं आणि बाई अटकेत!

“मावशी, पोस्टातच टाका की.”

“न्हाय, हितंच!” त्यांनी माझी सेल्फीची काठी ओढून घेतली, चिमट्यात पाकीट अडकवलं आणि गजांतून थेट पेटीच्या तोंडात ढकललं.

समोर चहा घेताना माझी ट्यूब पेटली. “अहो, पण पिंजऱ्याची किल्ली कोणाकडे?”

“दादूसकडं. पिंजरा त्यानंच बसवलाय ना! पोस्टमन आला का त्याला यावंच लागतं.” मावशी बशीत फुंकर घालत म्हणाल्या. मी कपाळावर हात मारला.

पोस्टमन आला, त्याने फोन लावला. पांढऱ्या गाडीतून दादूस उतरले, वैतागून कुलूप उघडलं. पेटीत एकच पाकीट. पोस्टमन नाव वाचून हसला. “शेठ, तुमचंच आहे.”

दादूसनी अक्षर ओळखलं. चेहरा उतरला. “दे हिकडं.”

“शिक्का मारल्याशिवाय नाही देता येत.”

“अरे, माज्या बहिणीची राखी हाय ती, दे!”

मावशी रस्ता ओलांडून केव्हाच मागे उभ्या होत्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी दुसरी राखी काढली. “ती येईल सावकाश. हात कर.”

दादूसनी हात पुढे केला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू!

घरी बायकोने आमचा तिघांचा पेटीपुढचा सेल्फी पाहिला. “यात पेटी कुठाय?”

“दादूसच्या पोटामागे.”

आता मावशी राखी हातानेच नेतील. राणीला मात्र पिंजऱ्यात उपाशी बसावं लागणार.