कूलरचा पाइप

कूलरमध्ये पाणी भरण्याच्या पाइपाला शामरावांच्या घरात दुसराही एक उपयोग होता, आणि तो घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला ठाऊक होता. रायपूरच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने थोरल्या अपत्याचे नाव मुलगा म्हणून लोकेश ठेवले होते. आपण मुलगी आहोत असे सांगून तिने स्वतःला चेतना म्हणवून घेतले, तेव्हापासून त्यांचे शब्द संपले आणि हात सुरू झाला. "विहारात मान खाली घालाले लावली तू मले," असे म्हणत ते पाइप पाण्यात बुडवून घेत. ओल्या पाइपाचा वळ खोल उमटतो.

तरीही मानसोपचारतज्ज्ञाने घरचे विचारले, तेव्हा चेतना म्हणाली, "घरी सगळं शांत आहे." मार खाणाऱ्या माणसाला डॉक्टर अस्थिर ठरवतील आणि बाईचे शरीर देणारा संप्रेरकांचा उपचार नाकारतील, अशी तिची पक्की समजूत होती. त्या उपचारावर तिचा सारा जीव टांगलेला होता. तिथला होकार मिळाला. या उपचाराने मूल होण्याची शक्यता घटते, म्हणून पुढे मूल हवे झाले तर काय, याचीही बोलणी झाली. संमतीची सही तिचीच लागणार होती, बापाची नव्हे. उरली रक्ताची तपासणी.

शामरावांना कुणकुण लागली. रक्त द्यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तिला मोरीत पाडून पाठ आणि मांड्या ठेचून काढल्या. मध्ये पडलेल्या तिच्या आईचे, सरिताबाईंचे मनगटही पाइपाखाली आले. सकाळी चेतना भिंत धरत उठली आणि रक्त देऊन आली.

समता कॉलनीतल्या दवाखान्यात संप्रेरकांचा उपचार करणाऱ्या डॉक्टर मंजिरींनी अहवाल पाहून चष्मा काढला.

"यकृताचे आकडे वाढलेत. दारू घेतेस?"

"नाही."

"बाजारातून आणून संप्रेरकांच्या गोळ्या? धीर धरवत नाही म्हणून बऱ्याच जणी घेतात."

"नाही, मॅडम."

"मग कुठे काही लागलं होतं? कारण कळेपर्यंत मला औषध सुरू करता येणार नाही."

सोबत आलेल्या सरिताबाई घाईने म्हणाल्या, "पोट्टी पायरीवरून पडली होती, मॅडम."

चेतनाने आईकडे पाहिले. मग उठून पाठ फिरवली आणि कुर्ता वर केला.

"पायरीनं नाही. बाबांनी. मानसोपचारवाल्या डॉक्टरांना मी खोटं सांगितलं."

मंजिरींनी जवळ येऊन वळ तपासले. "स्नायू ठेचले की यातले काही आकडे असेच चढतात. आज स्नायूंची तपासणी करू, पाठ भरली की यकृताची पुन्हा. मार खाल्ला म्हणून कुणी अपात्र ठरत नाही. पण पुन्हा मार बसला, तर आकडे पुन्हा फसवतील."

सरिताबाईंनी सुजलेले मनगट पदराखाली घेतले.

घरी शामराव खाटेवर होते. "आल्या महाराणी?"

सरिताबाईंनी कूलरचा पाइप ओढून काढला, विळी मांडली आणि त्याचे तुकडे पाडू लागल्या.

"काय करून राहिली?"

"भाजी चिरून राहिली."

त्यांनी झेप घेऊन बायकोचे केस धरले आणि दुसऱ्या हाताने पाइप हिसकला. सरिताबाईंनी विळीवरचा पाय हलवला नाही. पाते शामरावांच्या तळहातात रुतले. रक्त फरशीवर सांडले, तेव्हा त्यांनी केस सोडले.

"काहून वं?" ते पुटपुटले.

"तिची पाठ भरायची आहे," सरिताबाई म्हणाल्या आणि उरलेला पाइप कापत राहिल्या.

त्या उन्हाळ्यात कूलर कोरडाच फिरला. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन शामराव त्याच्या गरम वाऱ्यात बसत. चेतनाचे आकडे उतरले, आणि तिने संमतीपत्रावर सही केली.