दुसरा फ्यूज

माझे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, उभं आयुष्य लिफ्टच्या दुरुस्तीत वर-खाली करत आले. निवृत्त झाल्यावर त्यांना आडवं जायची हौस आली. त्यांनी कयाक घेतली. एका माणसापुरती निमुळती होडी, मागे बॅटरीवर चालणारी छोटी मोटर आणि हाताशी गळ अडकवायला दोन नळ्या. ताईला आधी सांगायचं धाडस झालं नाही, पण पिवळीधमक होडी काही पिशवीत घालून घरात आणता येत नाही.

शिवाय ती लिफ्टमध्ये मावत नाही. ज्या माणसाने अर्ध्या शहराच्या लिफ्ट चालू ठेवल्या, तो दर रविवारी डोक्यावर होडी घेऊन जिना उतरतो, आणि शेजारी दारं किलकिली करून बघतात. एरवी होडी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी. बॅटरी ओट्यावर मिक्सरच्या जागी चार्ज होते. वल्हं ताईने गॅलरीत कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून लावून टाकलंय. "मोटर आहे ना तुमच्याकडे?" असं तिने विचारलं आणि भावोजींना ते पटलं. पटायला नको होतं.

मासेमारी म्हणाल तर यथातथाच. मासा तळहाताएवढा असतो, पण त्याच्याशी झालेली झुंज आमचं जेवण संपलं तरी संपत नाही. तळ्यावर मात्र हा माणूस सुखी असतो. घरी आल्यावर कधी नव्हे ते शीळ घालतो. ताईलाही ते कळतं. पण तिला पाण्याची भीती, आणि त्या भीतीपोटी तिने एक अट घातली होती.

"ज्या दिवशी तुम्हाला कुणी ओढून आणेल, त्या दिवशी होडी विकायची."

भावोजी हो म्हणाले. ताई शब्दाची पक्की. त्यांची मोटरसायकल अशीच एका खरचटलेल्या गुडघ्यापायी गेली होती.

आता त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लिफ्टवाला लिफ्टच्या खाली उतरायच्या आधी मेन फ्यूज काढतो आणि स्वतःच्या खिशात ठेवतो. जादाचा फ्यूज मशिनजवळ कधीच ठेवत नाही, कारण बाहेरचा एखादा अतिशहाणा तो लावून लिफ्ट चालू करायचा आणि आतला माणूस जिवाला मुकायचा. जादाचा फ्यूज विश्वासाच्या माणसाकडे. भावोजींचा तो लग्नापासून ताईच्या पर्समध्ये असायचा. होडीच्या मोटरलाही फ्यूज असतो हे कळल्यावर त्यांनी जादाचा ताईच्या हातात दिला. तिने तो पर्समध्ये घरच्या किल्ल्यांशेजारी ठेवला.

त्या रविवारी मीही तळ्यावर गेले होते. भावोजींच्या अंगात नवंकोरं नारिंगी जॅकेट, ताईच्या हट्टाने घेतलेलं. भिजेल म्हणून फोन ताईकडे दिला आणि स्वारी निघाली. आम्ही दोघी धक्क्यावरच्या बाकावर बसून शेजारणींची खबरबात घेत होतो. मध्येच ताई बोलायची थांबली.

तळ्याच्या मधोमध होडी उभी होती. भावोजी मागे वाकून मोटरच्या पंख्यातून काहीतरी ओढत होते. गळाची दोरी अडकली असणार, स्वतःचीच. मग ते सरळ बसले आणि छातीवर थापट्या मारू लागले. मग कमरेवर, मग परत छातीवर.

"फ्यूज पाण्यात पडला," ताई म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"खिसे चाचपतायत. खिसा शर्टाला आहे आणि शर्ट जॅकेटच्या आत. पंख्याला हात लावायच्या आधी फ्यूज काढला असेल, आणि खिशात टाकायला हात सवयीने गेला असेल."

वारा सुटला होता. होडी हळूहळू पलीकडच्या लव्हाळ्याकडे सरकत होती. भावोजींनी हातांनी पाणी मारून पाहिलं, होडी जागच्या जागी फिरली. तरी त्यांनी मदतीसाठी हात काही वर केला नाही. मला हसू येत होतं.

धक्क्यावरचा लाँचवाला उठला. "आणू का काकांना ओढून?"

ताईने नुसती मान हलवायची होती. पॅसेज मोकळा झाला असता, मिक्सर जागेवर आला असता. ती होडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "थांब जरा." आणि माझा हात धरून ती सहलीच्या बोटींकडे निघाली.

तिथे फक्त बदकाच्या आकाराची, पायाने चालवायची बोट रिकामी होती. जी बाई पाण्याच्या काठाशी उभी राहायलाही घाबरते, ती डोळे मिटून बदकात बसली. मी दिशा सांगायची आणि दोघींनी पॅडल मारायचं. दोघींच्या गुडघ्यांनी वाटेत काय काय ऐकवलं ते सांगत नाही.

भावोजींनी आम्हाला पाहिलं आणि शाळेतून पळालेलं पोर सापडावं तसा चेहरा केला. ताईने डोळे उघडले, पर्समधून फ्यूज काढला, पण लगेच दिला नाही.

"जादाचा होडीत का नव्हता?"

"मशिनजवळ ठेवायचा नसतो," भावोजी पुटपुटले.

"इथे कोण येणार होतं तो लावायला? मासा?"

इतक्या वर्षांच्या सवयीत हा प्रश्न भावोजींच्या डोक्यात आलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर आमच्याही.

मोटर सुरू झाली. पण आता वारा समोरून होता आणि आमच्या पायांनी राम म्हटला होता. शेवटी भावोजींनी गाठ मारून बदक कयाकच्या मागे बांधलं आणि आम्हाला काठाला आणलं. ताईने सबंध वेळ बोटीची कड घट्ट धरली होती, पण डोळे उघडे होते.

लाँचवाला हसत म्हणाला, "म्हणजे ओढून कुणी कुणाला आणलं?"

भावोजींनी ताईकडे पाहिलंच नाही. मोटरमधला फ्यूज काढला आणि परत तिच्यापुढे धरला. होडीचा निकाल आता लागणार, हे त्यांना कळलं होतं.

ताईने त्यांची मूठ मिटवली.

"हा होडीतच राहू दे. माझ्याकडे ठेवायला दुसरा आणा," ती म्हणाली. "आणि ते वल्हं घेऊन जात जा. कपड्यांना मी काठी बघेन."