वाळूतले मुळे

वडील काविळीने रुग्णालयात होते. भात, पेज, खिचडी, काहीच घेत नव्हते. खात होते तो फक्त मुळा, लक्ष्मीबाई नगरमधल्या आमच्या तळमजल्याच्या क्वार्टरमागे त्यांनी स्वतः पेरलेला. आई रोज एक उपटायची आणि चकत्यांवर लिंबू पिळून डबा न्यायची. डॉक्टरांनी तिला सांगितले होते, जे खातील ते द्या.

फेब्रुवारी संपत आला, ऊन तापू लागले आणि मुळ्यांना फुलांचे दांडे फुटू लागले. जमिनीत राहिले तर आतून पोकळ होणार. एका दुपारी आई आणि मी सगळे उपटले. त्रेचाळीस निघाले. लोखंडी ट्रंकेत ओली वाळू भरून ती एकेक मुळा आडवा ठेवू लागली, पाल्यासकट.

शेजारच्या पंजाबी काकू कुंपणावरून बघत होत्या. "अरे बहनजी, पत्ते तो काट दो! सारा पानी पी जाएँगे."

"हाँ हाँ, काटूँगी," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, "पाला कापलेला मुळा म्हणजे शिळा. मंडईत तसला मी हातात तरी धरते का?"

आयुष्यभर तिने पाला पाहून मुळा घेतला होता. साठवला कधीच नव्हता. आणला त्याच दिवशी तो संपायचा.

चौथ्या दिवशी वडिलांनी चकती बराच वेळ चघळली आणि थुंकली.

"पाला काढून ठेवलेत ना गं?"

"हो तर. एवढंही कळत नाही का मला?"

घरी येऊन चप्पल न काढताच तिने ट्रंक उघडली. पाला अजून हिरवा होता. खालचे मुळे ओल्या दोरीसारखे वाकत होते. तिने विळीवर सगळ्यांचा पाला कापला.

दुसऱ्या दिवशी डब्यात बाजारातला मुळा होता.

"घरचाच आहे," ती म्हणाली.

वडिलांनी एक घास घेतला. "हा आपला नव्हे." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. पुढचे दोन दिवस डबा भरलेला परत आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने उरलेले सगळे मुळे थंड पाण्याच्या बादलीत घातले. शेजारी पाटावर बसून ती थोड्या थोड्या वेळाने एकेक बोटाने दाबून, कडक झाला का ते पाहत होती. भेटीची वेळ चारची होती.