समुद्रापलीकडचा म्हसोबा

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यापलीकडे एक ज्वालामुखीतून घडलेलं बेट आहे आणि तिथं काळ्या दगडाचे उभे खांब आहेत, हे ऑफिसातल्या एकानं सांगितल्यापासून मला चैन पडत नव्हतं. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला काळ्या कातळाचं वेड असतं, त्याला इलाज नाही. दगड बघायला दोन दिवस गाडी हाणत कोण जातं, असं बायको म्हणाली. लेकीनं फोनमधून मान वर केली नाही. मग आम्ही राहतो त्या किचनर शहरातून आई आणि मी, दोघंच निघालो. वडील गेल्यापासून आई आमच्याकडे असते आणि खिडकीतून रस्ता बघून बघून ती कंटाळली होती.

फेरीबोटीतून काळे कडे दिसले तशी तिची कळी खुलली. "ह्यो तर आपल्याकडचाच दगड," म्हणाली. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, घाटाच्या तोंडाशी. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून गावच्या गोष्टी निघाल्या आणि मला आल्याचं सार्थक वाटलं.

आम्ही उतरलो त्या घराच्या मालकिणीनं सांगितलं की दीपगृहाजवळचे खांब सगळेच बघतात, पण झाडीतल्या पायवाटेनं पुढं गेलात तर एक खांब एकटाच उभा आहे, तिकडं सहसा कुणी फिरकत नाही. धुकं आलं तर मात्र जागचे हलू नका, कड्याला कठडा नाही, असंही तिनं बजावलं.

खांब कसला, खुंटच तो. माणसाच्या उंचीचा, बाकीच्या कड्यापासून तुटून अलीकडं राहिलेला. त्याच्या डोक्यापासून निम्म्यापर्यंत भगवा रंग चढला होता. पलीकडं कडा तुटत होता आणि खाली समुद्राचा आवाज येत होता. मी फोन काढला आणि म्हणालो, आई, तिथं उभी राहा, फोटो काढतो.

आई मागंच थांबली होती. ओठ न हलवता, जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "मला आई म्हणू नगंस हितं."

वय झालंय, हिला भ्रम तर होत नाही ना, असं वाटलं. तिनं माझा हात धरून मला झाडामागं ओढलं आणि कानाशी लागून सगळं सांगितलं. मी तीन वर्षांचा असताना तापानं फणफणलो होतो. डॉक्टरांनी हात टेकले होते. वडील देव न मानणारे, म्हणून ती त्यांच्या नकळत खिंडीतल्या म्हसोबाकडं पळत गेली. नारळ, कोंबडं काही सुचलं नाही. वाचव, मग तो तुझाच, असं ती बोलून बसली. पहाटे ताप उतरला, आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. त्यानंतर तिनं मला त्या खिंडीतून कधी जाऊ दिलं नाही.

"म्हणून तर तुला हितकं लांब धाडलं," ती म्हणाली. "समुद्र वलांडून देव येत न्हाई, आसं वाटलं हुतं."

एकुलता एक मुलगा परदेशी नको, असं वडील म्हणत होते. आईनं हट्टानं पाठवलं. माझी आई काळाच्या पुढची, असं मी इथं चारचौघांत मिरवत आलो होतो.

मला रागच आला. आई म्हणायचं नाही, म्हणून नुसतंच म्हणालो, "तो शेंदूर नाही. दगडफूल आहे ते, मसाल्यात घालतेस तसलंच."

"दगडफूल काळं आस्तंय," ती म्हणाली.

मी तरातरा जाऊन दगडाला नख लावलं. भगवा पापुद्रा निघाला. तिला दाखवायला वळलो, तोवर कड्याखालून धुकं वर आलं होतं. झाड दिसेना, आई दिसेना. मी हाक मारली, आई. उत्तर नाही. पुन्हा मारली, मोठ्यानं. खाली लाट आपटल्याचा आवाज तेवढा आला. मग एकदम उमगलं आणि मी ओरडलो, "अहो आजी, कुठं आहात तुम्ही?"

"हितं हाय, पाव्हणं," अगदी जवळून आवाज आला.

ती दगडाच्या दुसऱ्या अंगाला, बूट काढून, अनवाणी बसली होती. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दगडाशी बोलत होती. "नवस फेडायचा ऱ्हायला खरा, पर फेडू कसा? पोरगं त्याच रात्री गेलं माझं. तूच न्हेलंस की. आता आणि काय मागतूस?" मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्ये पाव्हणं हायत. वाट दावायला आल्यात."

आणि ती रडायला लागली. मला वाटलं होतं ती नाटक करतेय. पण त्या रडण्यात खोटं काही नव्हतं. मेलेल्या पोरासाठी बाई रडते तशीच ती रडत होती. हे रडणं त्या तापाच्या रात्रीपासून तिच्यात साठलेलं असणार. मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि मला माझ्याच मरणाची भीती वाटली. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

धुकं विरल्यावर ती उठली आणि परक्या बाईसारखी अंतर ठेवून माझ्या मागून चालत आली. तुमच्या आईला जागा आवडली का, असं मालकिणीनं विचारलं, तर 'मदर' शब्द ऐकून आईच मध्ये बोलली, "नेबर." एवढं इंग्रजी तिला नातीनं शिकवलंय. मालकीण माझ्याकडं बघत राहिली. मी जिना चढून खोलीत गेलो.

सकाळी फेरीबोट सुटली. आम्ही डेकवर मागच्या बाजूला बसलो. आता म्हणू का, असं मी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली, बेट अजून दिसत होतं. काळी रेघ पुसट होत गेली आणि मग पाणी आणि आभाळ वेगळं ओळखू येईना. तेव्हा तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"आता म्हण."

मी वडिलांच्या तालमीत वाढलेला माणूस. मी आधी उठून कठड्याशी गेलो, बेट खरंच दिसेनासं झालंय ना ते नीट पाहिलं. मग तिच्याजवळ येऊन, हळूच म्हणालो, "आई."