नयनावहिनींच्या उशाचा पॉइंट

आमच्या शेजारचे प्रल्हादभाऊ रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहेत. एक बंद पडलं तर दुसरं तयार हवं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की देवाच्या समईशेजारीही टॉर्च ठेवतात. आम्ही हसायचो. पण नयनावहिनींचा दमा वाढला, आणि त्यांची छाती भरून आली की नेमकी आमच्या आशागडची वीज जायला लागली, तेव्हा आमचं हसणं थांबलं. वाफेतून औषध देणारं त्यांचं मशीन विजेशिवाय नुसता ठोकळा.

म्हणून २०१८च्या पावसाळ्यात भाऊंनी सोलर आणि बॅटरीचा घाट घातला. आधी त्यांना फ्रिज, टीव्ही, मिक्सर सगळंच चालवायचं होतं. डहाणूचा वायरमन सुदर्शन शेवटी वैतागला. "काका, लाइट गेल्यावर कशावाचून अडतं ते आधी बोला. फ्रिज टाकलात तर बॅटरी लवकर बसेल, मग काकींचं मशीन कशावर?"

भाऊंनी एकेक वस्तू गाळली. मशीन, एक पंखा आणि एक दिवा एवढंच ठरलं. पावसात ऊन कुठलं, म्हणून बॅटरी घरच्या विजेवरही चार्ज व्हावी अशी जोडणी. पॅनल गच्चीवर, चिकूच्या झाडाची सावली टाळून. बॅटरीचा ॲसिडचा वास वहिनींना सोसणार नाही, म्हणून ती पडवीत. आणि मशीनचा पॉइंट झोपायच्या खोलीत, वहिनींच्या उशाशी, अंधारात हात लांबवला की सापडेल असा. माणसाने बायकोचा आणखी किती विचार करायचा? दसऱ्याला हळदकुंकू वाहून बटण दाबलं, तेव्हा मलाही भरून आलं होतं.

नोव्हेंबरात जमीन हलायला लागली.

खालून दणका बसायचा, फडताळातली भांडी वाजायची आणि संपायचं. पुढचा कधी, ते कोणी सांगू शकत नव्हतं. तलासरीपासून इकडे सायवनपर्यंत माणसं घराबाहेर झोपू लागली. वहिनींनीही अंगणात खाट टाकली, वर प्लॅस्टिक ताणलं. दव, धूळ, थंडी. दमा आणखी बळावला. मशीन मात्र आत.

"अहो, एक वायर ओढा ना बाहेर," वहिनी म्हणायच्या.

"बाहेर पॉइंट दिला की तू कायमची बाहेरच राहशील. स्लॅब मी स्वतः उभा राहून घातलाय. या घराला काही होत नाही."

आणि हे दाखवून द्यायला स्वतः एकटे आत झोपायचे. सकाळी ड्युटीवर निघताना डोळे लालभडक. मला त्यांचा राग यायचा. वहिनी मात्र भांडून भांडून दमल्या होत्या. श्वास अडकला की मुकाट्याने आत जायच्या, मास्क लावायच्या, दाराकडे बघत औषध संपवायच्या आणि बाहेर यायच्या. आम्ही सगळेच तेव्हा दमलो होतो. कोणाचीच धड झोप होत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी वीज गेली आणि वहिनींची छाती भरून आली. त्या आत गेल्या. भाऊंना सुट्टी होती, ते त्यांच्याजवळ बसले. मी पडवीच्या पायरीवर वाल सोलत होते. बॅटरीवर मशीन छान चालू झालं. एवढ्यात दणका बसला, आजवरचा सर्वांत मोठा. मी अंगणात कशी पोचले, मला कळलं नाही. बघते तर शेजारी भाऊ उभे, अनवाणी.

आतून मशीनची घुरघुर ऐकू येत होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. चेहरा पांढराफटक. धावत आत गेले, त्यांच्यामागे मी उंबऱ्यापर्यंत. घराला काही झालं नव्हतं, स्लॅब खरंच मजबूत होता. वहिनी पलंगाचा कठडा घट्ट धरून बसल्या होत्या, तोंडावर मास्क.

भाऊ त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसले. "मला पण आत भीती वाटते गं," ते म्हणाले. "पहिल्या दणक्यापासून. रात्री एक मिनिट डोळा लागत नाही."

वहिनींनी आधी औषध संपू दिलं. मशीन बंद केलं. मग मास्क काढला.

"मग तेव्हाच बोलायचं ना," त्या म्हणाल्या. "इतके महिने घरात मी एकटीच घाबरट ठरले."