पन्नासातले तीन किलोमीटर

काळेवाडीतल्या त्या मेकॅनिकशी मी पाच वेळा भांडलो. पाचही वेळा आकडे माझ्या हातात होते.

गाडी जुनी, आधीच्या मालकाने मॉडिफाय केलेली. कारखान्यातून आलेल्या चाकांपेक्षा मोठी चाकं, इंजिनाचं प्रोग्रामिंग बदललेलं. मला तो तोरा नको होता. लिटरमागे तेरा किलोमीटर हवे होते, आणि बायकोला चाकणला तिच्या कंपनीत सोडताना गचके नकोत. तिच्या मणक्याला त्रास आहे. मी दर वेळी टाकी काठोकाठ भरायचो, मीटरचा आकडा वहीत लिहायचो, भागाकार करायचो. बारा पॉइंट तीन.

"काका, गाडी ठीक आहे, तुमची वहीच बिघडलीय," मेकॅनिक म्हणाला.

"वहीला प्लग नसतात बिघडायला. इंजिनाला जाणारं पेट्रोल कमी कर."

"गचके मारेल. आधीच सांगतो."

त्याने लॅपटॉप जोडून पेट्रोल कमी केलं. बारा पॉइंट सहापर्यंत पोचायला चार खेपा लागल्या. कंटेनरच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना गाडी लाथ बसल्यासारखी उसळायची. बायको दाराचं हँडल धरून बसायची. एका सोमवारी ती कंपनीच्या बसने गेली.

"बसचा ड्रायव्हर भागाकार करत नाही," म्हणाली.

मी तडक काळेवाडीला गेलो. या वेळी मेकॅनिक माझ्याशेजारी येऊन बसला. "चला हायवेला. दगड मोजा." येताजाता पन्नास किलोमीटरचे दगड मोजले. मीटरवर सत्तेचाळीस.

"चाकं मोठी आहेत, काका. एका फेऱ्यात जास्त अंतर कापतात. मीटरला काय कळतंय?"

मी तिथेच हिशेब केला. पहिल्या दिवशीचे बारा पॉइंट तीन म्हणजे तेराच्या वर होते. हवं ते माझ्याकडे होतंच, आणि मी चार वेळा जाऊन गचके मागून आणले होते.

"मग आधी का नाही बोललास?"

"बोलू कुठं दिलंत?"

"पहिल्यासारखं कर," मी म्हणालो. आभार मानले नाहीत. तोही हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी सोसायटीच्या गेटवर लावली. "आता गचके नाहीत."

"वहीत लिहा तसं," बायको म्हणाली आणि बसमध्ये चढली.

चाकणपर्यंत मी त्याच बसच्या मागे होतो, बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये. एकही गचका बसला नाही. शेजारच्या सीटवर वही होती.